शिशाचं सील

आज इतक्या वर्षांनीही ती पेटी डोळ्यांसमोरून हलत नाही. सत्तरच्या दशकातली गोष्ट. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होती आणि मी वसमतला फौजदार होतो. गावातल्या एका छोट्या कारखान्यात हळद पॉलिश करायची लोखंडी यंत्रं बनत. त्यांतलं एक पहिल्यांदाच आफ्रिकेला निघालं होतं. अबकारी निरीक्षकांनी माल तपासून पेटीला शिशाचं सील लावलं. ट्रक मुंबई बंदराकडे निघणार, तोच ठाण्यात फोन आला. "त्या पेटीत चोरटा माल हाय. सील तोडून पाहा."

ट्रक ठाण्याच्या आवारात घेतला. कारखान्याचे मालक हातापाया पडू लागले. "साहेब, सील तुटलं तर कागद बाद. जहाज चुकंल. ही ऑर्डर गेली तर पुन्हा कोण इचारतंय आमाला?" निर्यातीची कागदपत्रं सांभाळणारे त्यांचे एक कारकून मात्र मालकांनाच समजावत होते, "तोडू द्या ना सायबाला."

हे मला खटकलं. अशा वेळी निर्दोष माणूस भांडतो, दोषी गप्प बसतो. पण पोलिसांच्या मदतीला असं सहसा कोणी धावत नाही. शिवाय खबऱ्या आधी माल कुठे लपवलाय ते सांगतो. या फोनवाल्याला नुसती सीलची घाई होती.

कारकुनांना आत बसवलं, चहा दिला आणि सरळ विचारलं, "फोन तुमचाच ना?"

ते रडायलाच लागले. "व्हय साहेब. यंत्राबिगर आत काई न्हाई, असं म्या कागदावर लिहून दिलंय. निरीक्षक तपासून चहाला गेले अन् रंगकाम करणाऱ्या बायांनी पेटीत नारळ-तांदूळ ठेवले. सील लागल्यावर मला कळलं. तिकडं धान्य सापडलं तर माल परत, अन् कागद खोटा!"

"मग मालकांना काहून न्हाई सांगितलं?"

"बायांना कामावरून काढलं असतं, साहेब. लेकरंबाळं हायत त्यांना. पोलिसांनी उघडलं तर कुणी ठेवलं ते कळणार न्हाई, असं वाटलं."

निरीक्षकांना बोलावलं. पंचांसमक्ष त्यांनीच सील काढलं आणि झाकण उचललं. हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं. यंत्राच्या कपाळी म्हणावं अशा जागी कुंकवाचं बोट. सासरी निघालेल्या लेकीची भरावी तशी त्या लोखंडाची ओटी भरली होती. मालक ओरडतील असं वाटलं होतं. ते डोळे पुसत होते.

ओटी बाहेर काढली, पंचनामा केला. खोट्या खबरीबद्दल कारकुनांना कडक समज दिली. ते फडकं घेऊन कुंकू पुसायला वाकले, तेव्हा निरीक्षकांनी त्यांचा हात धरला.

"यंत्र रंगवलेलं आहे, असं लिहिलंय ना कागदात? मग राहू द्या."

नवं सील लागलं आणि ट्रक निघाला. जहाज मिळालं. मालकांनी एकाही बाईला काढलं नाही. तो नारळ त्यांनी स्वतः नेऊन त्या बायांच्या हाती दिला.

संशय घेणं हे माझं काम होतं आणि ते मी मन लावून केलं. पण बंद पेटीत दरवेळी चोरीच असते असं नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढे नोकरीत कितीतरी पेट्या उघडल्या. उघडल्यावर टोपी काढून उभं राहावंसं वाटलं, ती एकच.