मालनबाईंची टेप

मालनबाई साताऱ्याच्या. नवरा उत्तमराव फौजेत हवालदार, म्हणून जयपूरला आल्या आणि मुलांच्या वॉर्डात सिस्टर झाल्या. सुई टोचण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण यंदा विभा लागली, बनी पार्कातल्या बँकवाल्यांची मुलगी, अर्धं मराठी आणि अर्धं 'मतलब'. तिच्याकडून टोचून घेताना पोरं हसत. चक्क हसत! हे आठवलं की मालनबाईंना डब्यातली भाजी अळणी लागे.

सोडाला भागातल्या सात वर्षांच्या निशिगंधाला टायफॉइडनंतर डाव्या पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी झाली होती. ती वाढू नये म्हणून सलाइनमधून रक्त पातळ करणारं हेपारिन चालू होतं. गुण येतोय की नाही, हे पोटरीची सूज मोजून बघायचं. मालनबाई रोज मोजत, घरच्या शिलाई मशीनच्या डब्यातल्या टेपने. शनिवारी डावी पोटरी सव्वीस सेंटिमीटर भरली, उजवी चोवीस. रविवारी मालनबाईंची सुट्टी. विभाने आपल्या टेपने डावी मोजली, तर सत्तावीस. दुसरा पाय मोजायच्या आत पोर झोपली. डॉक्टर म्हणाले, सोमवारी एवढीच भरली तर औषध वाढवू. जास्त झालं तर कुठूनही रक्त वाहायची भीती, पण इलाज नव्हता.

सोमवारी हे ऐकून मालनबाईंना मनात उकळ्या फुटल्या. हल्लीच्या मुलींना साधं मोजतासुद्धा येत नाही, असं त्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या. मग विभाचीच कोरी टेप घेऊन तिला खोटं पाडायला बसल्या.

सत्तावीस.

चांगला पाय मोजला. चोवीसचा पंचवीस झालेला. त्यात ना गुठळी, ना सूज! त्यांनी दोन्ही टेपा शेजारी शेजारी धरल्या. बारा वर्षं ओढून ओढून त्यांची टेप चांगली तीन बोटं लांबली होती; तिच्यावर सगळंच कमी भरायचं. त्यांनी ती झटकन खिशात कोंबली. कोणी पाहिलं नव्हतं. डॉक्टर पलीकडच्या खाटेपर्यंत आले होते.

"सिस्टर, माझा पाय बिघडला?" निशिगंधाने विचारलं.

मालनबाईंनी जुनी टेप खिशातून बाहेर काढली.

"पाय नाही गं बाई. माझी टेप बिघडलीय," त्या डॉक्टरांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाल्या.

औषध होतं तेवढंच राहिलं. विभाने निदान नाक तरी उडवायचं. तर तिने आपली टेप पुढे केली. "ठेवा ना मावशी. मतलब, माझ्याकडे दुसरी आहे."

मावशी! कालपर्यंत सिस्टर तरी म्हणत होती.

घरी येऊन मालनबाईंनी दार लावून नव्या टेपने कंबर मोजली. बारा वर्षं ती तीस इंचांवर ठाम होती. उत्तमरावांना महिन्यातून एकदा तरी ऐकवायच्या. आज सव्वाएकतीस भरली.

"काय झालं?" उत्तमरावांनी बाहेरून विचारलं.

"काही नाही," मालनबाई म्हणाल्या. "त्या विभाला माझं काहीच बघवत नाही."