हरकतीच्या अर्जावरची सही

महापालिकेच्या निवडणुकीआधी पक्षाच्या कार्यालयात मतदारयादीवरच्या हरकतींचे अर्ज माझ्यापुढे ठेवले गेले. 'हा इसम इथे राहत नाही,' असं प्रत्येकावर छापलेलं होतं. नावं न वाचताच मी सह्या केल्या.

मतदानाच्या दिवशी आमच्या चाळीत राहणारा, पश्चिम बंगालमधून आलेला यंत्रमाग कारागीर केंद्राबाहेर भेटला. "भाई, मेरा नाम कट गया," तो म्हणाला. मी कार्यालयात जाऊन प्रती चाळल्या. त्याच्या अर्जावर माझीच सही होती.

पुढच्या आठवड्यात पोलीस त्याला बांगलादेशी समजून घेऊन गेले. त्याची बायको माझ्याकडेच आली. मुलांचे शाळेचे दाखले घेऊन मी तिच्याबरोबर चौकीत खेटे घातले. अकराव्या दिवशी तो सुटला आणि बिऱ्हाड गुंडाळून गावी निघाला. जाताना त्याने माझे आभार मानले. अर्जावरची सही माझी होती, हे मी त्याला तेव्हाही सांगितलं नाही.