लेक नसल्याचा पंचनामा

महिन्याचा पहिला गुरुवार कर्नाटकातल्या मंठाळच्या सरुबाईनं कचेरीला देऊन टाकला होता. हे एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालचं. सकाळी ती भाकरी फडक्यात बांधायची, दारोदार जाऊन म्हाताऱ्यांना हाका मारायची आणि तालुक्याची पहिली बस धरायची. "आली वरात," असं म्हणत कंडक्टर मागच्या जागा मोकळ्या करून द्यायचा. मग कचेरीपुढच्या लिंबाखाली ही मंडळी संध्याकाळच्या बसपर्यंत बसून राहत. घोषणा कुणाला जमत नसत, म्हणून देत नसत.

म्हातारपणाची पेन्शन सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कमावत्या वयाचा लेक असला की ती मिळत नसे. लेक पोसतो का, हे अर्जात कुठंच विचारलेलं नव्हतं. ही अट काढा, एवढंच सरुबाईचं मागणं. गावातले जुने शिक्षक अच्युतराव ते कानडीत लिहून देत. लेक असलेली म्हातारी माणसं खाली अंगठे उठवत, आणि पहिला अंगठा सरुबाईचा असे.

शेजारच्या सिद्धव्वानं मात्र लेक नाही असं सांगून पेन्शन केव्हाच लावून घेतली होती. तरी ती सोबतीला यायची.

"माझा पुण्याला हाय. बंगळूरहून दिसतोय का?" ती म्हणायची. "तू बी सांगून टाक, अक्का. कागदाला कुठं डोळे असतेत?"

"तुझा पुण्याला. माझा भिंतीपलीकडं खोकायलाय. न्हाई कसं म्हणू?"

पाच बाळंतपणांतून सरुबाईचा एकटा नागनाथ जगला. वस्ती बौद्ध झाली त्या साली तिनं त्याला शाळेत घातलं. मास्तरांनी बापाचं नाव लिहिलं, तेव्हा न विचारता तिनं आपलंही सांगितलं. मास्तर हसले, पण लिहिलं की नाही ते तिला कळलं नाही. आता नागनाथ खडीच्या खाणीवर जात होता आणि खाणीच्या धुळीनं त्याची छाती धरली होती. त्याला चार लेकरं होती. सरुबाईची चूल वेगळी होती, पण करडईच्या काढणीला हात चालेनासे झाल्यापासून ती बहुधा थंडच असे. सून एक वेळची भाकरी आणून द्यायची. ज्या दिवशी आणत नसे, त्या दिवशी तिच्याही घरात नसे.

उन्हाळ्यात एका सकाळी तलाठी हणमंतरावांचं बोलावणं आलं. सरुबाई चावडीवर गेली तर पाच पंच बसलेले आणि नागनाथ खांबाजवळ उभा. हणमंतरावांनी कागद कानडीत वाचला, मग मराठीत सांगितलं. सदर बाई निराधार आहे. तिला मुलगा नाही. नागनाथ हा शेजारी असून त्याचा तिच्याशी काही संबंध नाही, अशी त्यानं स्वतः जबानी दिली आहे.

"खरं हाय का, सरुबाई?"

सगळ्या गावाला माहीत असलेली गोष्ट ते तिला विचारत होते. पंच कागदाकडं बघत होते. नागनाथ पायातल्या चपलेकडं बघत होता.

"खोटं हाय म्हटलं तर?" तिनं विचारलं.

"मग खोटी जबानी दिली म्हणून ह्याला तालुक्याला न्यावं लागंल."

तिनं अंगठा पुढं केला. हणमंतरावांनी तो धरून शाईत बुडवला आणि कागदावर दाबला. तिला काहीच जाणवलं नाही, बोट दुसऱ्याचं असल्यासारखं.

दोघं वस्तीवर आली.

"कामून केलास?" दारात तिनं विचारलं.

"चार लेकरं हायत, माय. तुझ्या ताटात घालायला उरंना."

"मला इचारायचं व्हतंस."

"तू न्हाई म्हनली असतीस."

तिनं मान हलवली. म्हणालीच असती.

पेन्शन मंजूर झाली. पोस्टमन दारात मनीऑर्डर आणून देऊ लागला. सरुबाई तुरीची डाळ आणायची, अर्धी भिंतीपलीकडं पाठवायची. चौकशीला कधीही कोण येईल म्हणून नागनाथ चारचौघांत तिला मावशी म्हणू लागला. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा धाकटी नात खळखळून हसली. पुढं जिभेला वळण लागलं आणि घरात कुणी नसतानाही तो मावशीच म्हणायला लागला. सरुबाई ओ द्यायची. जेवण पोटभर होत होतं. चव लागत नव्हती, एवढंच.

मनीऑर्डर सुरू झाल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी तिनं नेहमीसारख्या हाका मारल्या. नवा अर्ज घेऊन सगळी कचेरीत गेली; त्यावर अजून सरुबाईचाच अंगठा होता. कारकून गुरुपादय्या सरळ माणूस होता, त्यानं अर्ज वाचून बाजूची वही उघडली.

"अज्जी, तुझं काम झालं की. आता कामून आलीस?"

"अट काढा म्हणून आले. ह्या सगळ्यांची पेन्शन अडलीय."

"हा अर्ज लेक असणाऱ्यांचा हाय. तुला लेक न्हाई. इथं लिहिलंय बघ." त्यानं वहीवर बोट ठेवलं. "तुझा अंगठा ह्याच्यावर चालत न्हाई. साहेब सगळाच अर्ज परत करतील."

मागं सिद्धव्वा खोकली. कुणीतरी खाली बसलं. सरुबाई त्या वहीकडं बघत राहिली. तिला वाचता येत नव्हतं.

"व्हय," ती शेवटी म्हणाली. "न्हाई मला."

गुरुपादय्यानं अर्जावरचा पहिला अंगठा शाईच्या दोन रेघांनी खोडला आणि शाईची डबी पुढं सरकवली. सरुबाईनं मागं वळून सोबत आलेल्या म्हाताऱ्या लिंगम्माचं मनगट धरलं. लिंगम्माचा लेक सायकली भाड्यानं द्यायचा, आणि मिळेल ते दारूत घालवायचा.

"तू हो पुढं," सरुबाई म्हणाली. "तुला हाय."