विहीणबाईंचं गाव

सिंगापूरला, पाया लेबारच्या ऑफिसात डबा उघडला होता, तेवढ्यात मृण्मयीचा फोन आला. "मावशी, आई गेली गं... झोपेतच." महिना झाला, अजून खरं वाटत नाही.

शैलजाताई माझ्या शेजारीण. साताऱ्याला तीस वर्षं भूगोल शिकवून इथे बुकित बातोकला लेकीकडे, मृण्मयीकडे, आल्या. जावई आयरिश. त्याची आई नोरा तिकडे समुद्रकाठच्या छोट्या गावात एकटी राहायची. दर रविवारी तिचा फोन यायचा आणि दोघी विहिणी हवापाण्याचं बोलून गप्प व्हायच्या. एकदा ताईंनी विचारलं, "घरातून बाहेर पडलं की उजवीकडे काय लागतं?" नोरा सांगत गेली, ताई कॅलेंडरच्या पाठीवर काढत गेल्या. धक्का, चर्च, ओढा, दगडी पूल, ओहोटीला उघडी पडणारी वाळू... चार वर्षांत अख्खं गाव कागदावर उतरलं.

एका संध्याकाळी मी चहाला गेले होते. मृण्मयी आणि जावई बाहेर होते. फोन वाजला, ताईंनी स्पीकर लावला. पलीकडे नोरा रडत होती. ती शिंपले वेचायला वाळूत उतरली आणि धुकं आलं. हात पुढे केला तर दिसेना, त्यात भरती सुरू झालेली.

ताईंनी कप खाली ठेवला. "विहीणबाई, पायाखाली काय आहे? वाळू की गोटे?" त्यांनी साध्या, सावकाश इंग्रजीत विचारलं.

"गोटे. आणि वाहतं पाणी."

"मग तो ओढाच. पाणी कुठे वाहतंय?"

"उजवीकडे."

"तिकडे समुद्र. तुम्ही डावीकडे वळा. ओढ्याचा काठ सोडू नका, पूल लागेल."

वर्गात बोलावं तसा शांत आवाज. वीस मिनिटं त्या बोलत राहिल्या. शेवटी नोरा ओरडली, "कठडा! हाताला कठडा लागला!" ताईंनी फोन ठेवला आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

त्यांचं तिकडे जाणं मात्र राहूनच गेलं. आधी गुडघे, मग हृदय...

परवा नोराकडून फोटो आला. पुलाच्या कठड्यावर लाकडी पाटी, तिनं स्वतः रंगवलेली. मृण्मयीकडून अक्षरं मागवून घेऊन देवनागरीत लिहिलंय, 'शैला'; नोरा ताईंना याच नावानं हाक मारायची. ताईंची नऊ वर्षांची नात वाकून बघत सिंगापुरी ढंगात म्हणाली, "Wrong lah, Mummy, 'ल' उलटा आहे."

"असू दे," मृण्मयी म्हणाली. "तसाच राहू दे."