मेणकापडातली भाकरी

‘मेणकापड’ हा शब्द मी जेवताना उच्चारला आणि आईने हातातला घास परत ताटात ठेवला.

“काय कापड?”

“मेणकापड. सुती कापडाला मधमाशीचं मेण लावायचं. त्यात बाबांची भाकरी बांधायची. फॉइल बंद, प्लास्टिकची पन्नी बंद.”

“ज्याच्यावर तू दीड वर्षं मुतलीस, ते मेणकापड?”

बाबांना ठसका लागला. आमच्याकडे, आणि बहुतेक मराठी घरांत, मेणकापड म्हणजे तान्ह्या बाळाच्या दुपट्याखाली घालायचं ते रबरी कापड. हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मी हिंदीत पळवाट शोधली. “अच्छा, मग मोमजामा म्हणू या.” समोरच्या आंटी नेमक्या कढीपत्ता मागायला दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मोमजामे में तो तावीज़ सिलते हैं, बिटिया. या फिर बच्चे को सुलाते हैं.”

माझ्या क्रांतीच्या जागेवर दोन्ही भाषांत आधीच एक बाळ झोपलेलं होतं.

पण मी गप्प बसणाऱ्यातली नाही, आणि त्याला पत्रकं जबाबदार आहेत. बाबा नोकरीसाठी वर्ध्याहून लखनौला आले. इथे मराठी शाळा नाही, म्हणून त्यांनी मला मराठी वाचायला शिकवलं ते इथल्या मराठी मंडळींच्या बुद्धविहारात वाटल्या जाणाऱ्या पत्रकांवरून. शाळेत मी ‘क से कबूतर’ म्हणायचे आणि घरी ‘बंधू आणि भगिनींनो, जागे व्हा’. ‘निषेध’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी लिहिता आला. आजही विहाराच्या प्रत्येक पत्रकाचं प्रूफ बाबा लाल पेन्सिलीने तपासतात. त्यांचा नियम एकच आहे: जे स्वतः करून पाहिलं नाही, ते छापायचं नाही.

तर भाकरीचा प्रश्न. इतकी वर्षं बाबा दुपारी जेवायला इंदिरा नगरला घरी यायचे. जानेवारीत त्यांची बदली शहराबाहेर, बख्शी का तालाबच्या ऑफिसात झाली आणि डबा सुरू झाला. त्यांना शुगर आहे. डॉक्टरांनी गहू कमी करायला सांगितलंय, म्हणून ज्वारी. खालची कवळी नवी आहे, म्हणून भाकरी मऊ हवी. ती फॉइलमध्ये खालून ओली आणि वरून चिवट व्हायची. फडक्यात बांधली तर दीड वाजेपर्यंत पापड. बाबा हळूच ऑफिसबाहेरच्या ठेल्यावर पूडी-सब्जी खायला लागले, आणि फेब्रुवारीच्या तपासणीत शुगरने त्यांची चुगली केली.

आईला ते फार लागलं. ज्वारीचं पीठ मावशी वर्ध्याहून कोणा येणाऱ्याजाणाऱ्याबरोबर गाडीने पाठवते. त्या पिठासाठी आईने स्टेशनवर कितीदा ताटकळत वाट पाहिली आहे. ती म्हणाली, “माझी भाकरी ठेल्यासमोर हरली. आता मार्च एंडिंगपर्यंत बघते. नाही जमलं तर ज्वारी बंद. मावशीला सांगते, नको पाठवू म्हणून. दोन फुलके देईन, खा.”

ज्वारी बंद म्हणजे आमच्या घरातून वर्धा बंद. मी त्याच आठवड्यात मेणाच्या मागे लागले.

बाबांच्या नव्या रस्त्यावर सरसोंच्या शेतांच्या कडेने मधपेट्या मांडलेल्या असतात. त्यांनी एका मधवाल्याकडून मेणाची ढेप आणली. साबणाच्या वडीएवढी, पिवळी, आणि वास असा की मी ती दिवसभर खिशात घेऊन फिरले. आईने विहारात नेसायची तिची जुनी पांढरी सुती साडी दिली, विरत आलेली पण फाटलेली नाही. मी तिचे चौकोन कापले. मेण किसलं. आल्याच्या किसणीवर किसलं ही चूक झाली, कारण मेण किसणीतून पुन्हा निघत नाही. आता आमच्या घरात दोन किसण्या आहेत आणि एकीला कोणी हात लावत नाही. किसात थोडी राळेची पूड, चार थेंब खोबरेल, वर बटर पेपर आणि त्यावर इस्त्री. मेण वितळून कापडात पसरताना दिसतं, पांढरं कापड कडेपर्यंत सावकाश पिवळं होत जातं. मी आईला तीनदा हाक मारली ते बघायला. तिसऱ्यांदा ती आली आणि पाच मिनिटं तिथेच उभी राहिली.

वाटीवर ते कापड ठेवलं आणि तळव्यांनी दाबलं, की हाताच्या उबेने ते वाटीच्या काठाला धरून बसलं. रबर नाही, दोरी नाही. त्या दिवशी मी घरातलं सगळं झाकलं. दही झाकलं, अर्धं कापलेलं लिंबू झाकलं, बाबांचा चष्मा झाकला.

आणि संध्याकाळी बसून मी माझ्या आयुष्यातलं पहिलं पत्रक लिहिलं. मथळा मुद्दाम ठेवला: ‘मेणकापड पुन्हा ताब्यात घ्या’. आपण रोज जी पन्नी फेकतो ती कुठे जात नाही, ती नाल्यात आपल्यापेक्षा जास्त जगते, असं लिहिलं. मग सूचना लिहिल्या. थंड पाण्याने धुवा, साबण अगदी सौम्य. पिळू नका, सावलीत वाळवा. स्कूटरच्या डिकीत विसरू नका, लखनौचा मे महिना त्याचं पाणी करेल. मटण-मासळी यात बांधू नका. मेण उडालं की पुन्हा किस टाकून इस्त्री फिरवा. त्यातच, लिहिण्याच्या वेगात, एक ओळ होती: ‘तव्यावरची भाकरी गरमागरम गुंडाळा, दुपारपर्यंत मऊ राहील.’

बाबांनी प्रूफ पाहिलं. त्या ओळीत मी ‘गुंडाळा’मधला ‘गु’ दीर्घ केला होता, तो त्यांनी ऱ्हस्व केला. दोनशे प्रती आल्या. त्यातल्या शंभर मी रविवारी विहारात वाटल्या.

आईने पत्रक फ्रिजवर चिकटवलं आणि दुसऱ्या दिवसापासून शब्दशः पाळलं. तवा, भाकरी, मेणकापड. संध्याकाळी मी विचारायचे, “बाबा, कशी होती?” बाबा म्हणायचे, “छान.”

नवव्या दिवशी मी कापड धुऊन गॅलरीत वाळत घातलं, तेव्हा ऊन त्याच्या आरपार आलं. मधोमध बरोबर भाकरीएवढा गोल पांढराफटक पडला होता. कडेने मेण शाबूत होतं, मध्ये एक कण नव्हता. मी तो गोल बघत उभी राहिले. मेण हवेत उडत नाही. ते कुठेतरी गेलं होतं.

“बाबा, भाकरी कशी लागते?”

“छान.”

“खरं सांगा.”

त्यांनी पेपर खाली ठेवला. “विहारातली मेणबत्ती चाखल्यासारखी.”

“नऊ दिवस?”

“आठ. एक दिवस मीटिंगमध्ये जेवण होतं.” मग म्हणाले, “मेणाबरोबर मधही लागला असता ना, तर तक्रार नव्हती.”

मी भडकले. “यार बाबा, आपने ही सिखाया है, चूक दिसली की तिथल्या तिथे बोलायचं.”

“दिसली कुठे? प्रूफ मी पाहिलं होतं. त्याच ओळीवर पेन्सिल टेकवली होती. ऱ्हस्व-दीर्घ बघितलं आणि खोटं तसंच सोडलं. कोणत्या तोंडाने बोलू?”

आई स्वयंपाकघरातून आली. “मला पहिल्याच दिवशी वाटलं होतं. गरम भाकरीवर मी साधं ताटसुद्धा उपडं घालत नाही, घाम येतो तिला.”

“मग बोललीस काहून नाही?”

“छापलं होतं ना,” आई म्हणाली.

हे मला सगळ्यात जास्त लागलं. तीस वर्षं भाकरी थापणाऱ्या बाईने स्वतःच्या हातापेक्षा माझ्या छापील ओळीवर विश्वास ठेवला होता. उरलेल्या शंभर प्रती मी उचलल्या आणि कचऱ्याच्या डब्याकडे निघाले.

“थांब,” आई म्हणाली. “त्याच्यात लिहिलंय काय? फेकू नका. आणि तू फेकायला निघालीस?”

मग जेवणाच्या टेबलावर आम्ही तिघं बसलो. बाबांनी पट्टी धरून ती ओळ खोडायची, मी वर नवी ओळ लिहायची, आईने सांगायची. “लिही. भाकरी तव्यावरून काढली की दुरडीत उभी ठेवा.”

“किती मिनिटं?”

“मिनिटं काय विचारते? मनगटाला लावून बघा. बाळाच्या दुधाचं कसं बघतात, तसं. मनगटाला सोसली की गुंडाळा.”

मी थांबले. तिच्या तोंडून पुन्हा बाळ आलं होतं, आणि या वेळी ते बरोबर जागी झोपलं होतं. शंभर वेळा मी ते लिहिलं. पन्नासाव्या प्रतीनंतर बाबांनी न सांगताच माझं अक्षर बिघडत चालल्याची खूण लाल पेन्सिलीने समासात केली.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मी उठून उभी राहिले आणि सांगितलं की माझ्या पत्रकातली एक ओळ खोटी आहे, मी ती करून पाहिली नव्हती. पुढे बसलेल्या एक काकू म्हणाल्या, “अगं, आम्ही केलंच नाही. मेणकापड वाचलं आणि म्हटलं, शी.” मागून कोणी म्हणालं, “कागद चांगला होता हां. मी त्यातच चिवडा बांधला.” सगळे हसले. मीही हसले, आणि दुरुस्त प्रती वाटल्या. त्या काकूंनी दोन घेतल्या.

कापडाला पुन्हा मेण चढवून झालं होतं. मार्च संपायला तीन दिवस उरले होते. बाबांच्या ‘छान’वर माझा आता विश्वास नव्हता, म्हणून मी स्कूटर काढली आणि दीड वाजता त्यांच्या ऑफिसात पोचले. आवारात कडुनिंबाखाली ते एका सहकाऱ्याबरोबर डबा उघडत होते. मला बघून म्हणाले, “तपासणी आली.”

त्यांनी कापड सोडलं. भाकरी हातात घेतली, अर्ध्यात दुमडली. मग त्यांनी ती अजून एकदा दुमडली. चीर गेली नाही. त्यांनी एक तुकडा मला दिला. फक्त ज्वारीची चव होती, आणि अगदी मागून मधाचा वास.

सहकारी कापडाकडे बघत होते. “ये किसमें लपेटकर लाते हैं आप?”

“मोमजामा है.”

“वो बच्चों वाला?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. “हाँ. हमारी बिटिया का ही है.”

पूर्ण भाकरी संपेपर्यंत मी तिथून हलले नाही. मग कापड झटकून घडी केली, डिकीत नाही, ओढणीत बांधून घेतली आणि निघाले. घरी पोचले तेव्हा आई दारातच होती.

“काय झालं?”

“दोनदा दुमडली. तुटली नाही.”

“कवळीला त्रास?”

“एकदाही हात लावला नाही.”

आई आत गेली, तळाला आलेला पिठाचा डबा हलवून बघितला, आणि मावशीला फोन लावला.