लिफ्टवाल्याचे दोन ससे

त्याच्या कामावरची पोरं त्याला वटवाघूळ म्हणायची. लिफ्ट दुरुस्त करताना तिच्या अंधाऱ्या विहिरीत, कमरेला पट्टा बांधून, पाय भिंतीला टेकवून तो असा काही आरामात लोंबकळायचा, की वरून टॉर्च धरणाराच डोळे मिटून घ्यायचा. भीती वाटत नाही का, असं कुणी विचारलं की तो शर्टाचा वरचा खिसा थोपटायचा. त्या खिशात एक किल्ली असायची. विहिरीत उतरण्याआधी मुख्य स्विच बंद करायचा, त्याला स्वतःचं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची, हा त्याचा नेम. "किल्ली माझ्याकडे आहे ना? मग लिफ्टची काय बिशाद हलायची!"

असा माणूस दोन सशांपायी हाय खाऊन बसला, हे त्या पोरांना सांगितलं असतं तर त्यांनी टाळ्या पिटल्या असत्या.

ससे आणले होते ताईसाठी. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. दोन खोल्यांत दोघंच राहायची. ताईने उभा जन्म टेलिफोनच्या खात्यात लोकांची बोलणी जोडून देण्यात घालवला, आणि निवृत्त झाल्यावर तिच्याशी बोलायला घरात कुणी उरलं नाही. हा सकाळी बाहेर पडला की दिवेलागणीला उगवणार, आणि उगवला तरी तोंडातून शब्द निघेल तर शपथ. एकदा घर बदलणाऱ्या एका कुटुंबाने लिफ्टमध्येच त्याच्या हातात खोका ठेवला. आत दोन पिल्लं, सख्खे भाऊ. एकाच्या डोळ्यांभोवती काळी कडी, तो काजळ्या. दुसरा ओंजळीत मावायचा, तो बुटक्या. तेव्हापासून घरात बोलणं परत आलं. ताई भाजी निवडता निवडता सशांना सगळं सांगायची, शेजारणीच्या कागाळ्यांसकट. ससे एकमेकांच्या मानेत नाक खुपसून झोपायचे आणि तो कोपऱ्यात चहा पीत त्यांच्याकडे बघत बसायचा.

मग ससे वयात आले.

आधी काजळ्या बुटक्याच्या अंगावर चढू लागला. मग दोघांनी बाहेरच्या खोलीभर मुतून आपापल्या हद्दी आखल्या. एका संध्याकाळी तो दारात आला आणि थबकला. ताई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती आणि फरशीवर कापूस पसरला होता. जवळ गेल्यावर कळलं, कापूस नव्हे, केस. दोन्ही ससे एकमेकांत गुंतून भोवऱ्यासारखे फिरत होते, आणि आवाज म्हणावा तर काहीच नाही. कुत्री भांडताना निदान भुंकतात. हे भांडण मुकं होतं. त्याने मध्ये हात घातला, तर बुटक्याने त्यालाच कडकडून चावा घेतला. बुटक्याचा कान उभा फाटला होता.

"अरे, एक दिवस हे एकमेकांचा जीव घेतील," ताई म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

त्याने त्याच संध्याकाळी खोलीच्या मधोमध जाळी उभी केली. जाळीच्या दोन बाजूंना दोन ससे.

जनावरांची डॉक्टरीण बोलायला सडेतोड होती. "भाऊबिऊ सगळं लहानपणी. आता हे दोन नर आहेत, आणि भांडताना नेमकं कुठे चावायचं ते त्यांना शिकवावं लागत नाही. नसबंदी करून घ्या. दोघांची एकाच दिवशी करा. एकालाच आणलंत तर परत गेल्यावर त्याचा वास बदललेला असेल, मग दुसरा त्याला ओळख दाखवायचा नाही."

"पण भूल सोसेल त्यांना?"

"सशाला भूल जपून द्यावी लागते, दादा. मी नेहमी देते. पण शंभर टक्के खात्री मी कुणालाच देत नाही."

यापुढेही ती बरंच बोलली. त्याने मान हलवली, पण कानात तेवढं एकच वाक्य घुमत राहिलं.

घरी ताईने आकांडतांडव केलं. "खच्ची करणार बिचाऱ्यांना? तुझं लग्न जमलं नाही त्याचा सूड त्यांच्यावर का?"

"मग जन्मभर जाळी ठेवायची का मध्ये?"

ताईने तिकडे पाहिलं. जाळीपलीकडे बुटक्या फाटका कान चाटायला मान वळवत होता. कान काही जिभेला लागत नव्हता. आधी ते काम काजळ्या करायचा.

"जा घेऊन," ती शेवटी म्हणाली. "पण यातल्या एकाचं जरी बरंवाईट झालं, तर मी या घरात बोलायचं कुणाशी, तेवढं सांगून जा."

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी त्याने दोन्ही बाजूंचं गवत उचललं, वाट्याही उचलल्या. ताईने विचारलं, "डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय का तसं?"

"ताई, माझ्या हर्नियाच्या वेळी मला पाण्याचा घोट तरी दिला होता का? भूल म्हणजे पोट रिकामं. आमच्याकडेही तेच. आधी लिफ्ट रिकामी करायची, मग मशीन उघडायचं."

एवढ्या ठामपणे तो फार क्वचित बोलायचा, म्हणून ताईने ऐकलं.

सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांना टोपल्यांतून काढून तपासलं आणि सहज विचारलं, "काय खाऊन आलेत?"

"काही नाही. कालपासून दाणासुद्धा नाही." शाबासकी मिळेल अशा बेताने तो म्हणाला.

डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढून गळ्यात टाकली. "दादा, मी सांगितलं होतं ना, नेहमीसारखं खाऊ घालून आणा? माणसाला भुलीत उलटी होते, म्हणून त्याला उपाशी ठेवतात. सशाला उलटी होतच नाही. त्याचं आतडं मात्र सतत चालत राहावं लागतं. ते एकदा थांबलं की पुन्हा सुरू करणं कठीण."

"कठीण म्हणजे?"

"म्हणजे त्यातच ससे जातात. पुष्कळदा."

थांबलेलं मशीन काय असतं हे त्याला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"आता असं करा," ती म्हणाली. "गवत मागवा. पोटभर खाल्लं तर दुपारी करते. नाही खाल्लं तर आज मी हात लावणार नाही."

त्याने ताईला फोन लावला. काय झालं ते सांगताना त्याची जीभ दोनदा अडखळली. ताई घरातल्याच चपलांवर आली, एका हातात गवताची पिशवी, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी. ती त्याच्याकडे बघितल्या न बघितल्यासारखं करून सरळ टोपल्यांपाशी बसली.

काजळ्याने गवतावर झडप घातली. बुटक्या मात्र तोंड कोपऱ्यात खुपसून बसला. बाहेर कुत्रं भुंकलं की त्याच्या पाठीवरची कातडी थरथरायची. कोथिंबीर नाकाशी धरली, तर त्याने नाक वळवलं.

"बुटक्या, ऐकलंस का?" ताई हळूच म्हणाली. "काल पुन्हा ती शेजारीण साखर मागायला आली. मी म्हटलं, बाई गं, आधीची वाटी तरी परत कर. तर म्हणते कशी, वाटी फुटली! स्टीलची वाटी फुटली, बुटक्या!"

बाकावरची मांजरवाली बाई फिसकन हसली. ताईने तिकडे लक्षच दिलं नाही. शेजारणीच्या सुनेपर्यंत गोष्ट आली तेव्हा बुटक्याने तोंड फिरवलं, आणि कोथिंबिरीचा एक देठ हळूहळू आत जाऊ लागला.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी दोघांना आत नेलं. दार लागलं. त्याने नकळत खिसा थोपटला. किल्ली होती, पण इथे तिला विचारतो कोण? आयुष्यभर अनोळखी माणसं त्याच्या हातावर भरवसा टाकून लिफ्टमध्ये शिरत आली होती, आणि आत शिरताना त्यांना कसं वाटत असेल हे त्याच्या कधी मनातही आलं नव्हतं. तो उठला. बसला. कुरकुरणाऱ्या पंख्याचा नट कुठला सैल असेल, याचा विचार करायचा प्रयत्न केला, तोही जमेना.

"गवत तू उचललंस," ताई समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली.

"हो."

एवढंच. पुढे तिने चार शिव्या घातल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दोघेही शुद्धीवर आले. डॉक्टरीणबाईंनी टोपल्या हातात देताना बजावलं, "आता खायला हवं आणि लेंड्या पडायला हव्यात. या बिनसुईच्या सिरिंजच्या नळीतून पातळ खाणं थोडं थोडं भरवत राहा. सकाळपर्यंत लेंड्या नाही दिसल्या, तर माझ्या फोनची वाट बघू नका, थेट इथे या."

घरी आल्यावर काजळ्या तासाभरात गवत चघळू लागला. बुटक्या जाळीपाशी गोळा होऊन बसला, डोळे अर्धे मिटलेले, दुखण्याने दात करकरा खात. लिफ्टवाल्याने त्याच्या ओठाच्या कडेतून नळी सरकवली आणि थेंब थेंब भरवत राहिला. ताईने दिवा लावला, पाणी बदललं, चादर बदलली, पण या वेळी शेजारणीची गोष्ट काही निघाली नाही. भांडणाच्या दिवशी जी मुकी भीती त्या खोलीत शिरली होती, ती आता भिंतीला टेकून बसली होती.

रात्र कशी सरली ते त्या दोघांनाच माहीत.

फटफटलं तेव्हा तो जाळीजवळ बसल्या बसल्या पेंगला होता. बुटक्याच्या चादरीवर काही नव्हतं. कोरी, स्वच्छ चादर इतकी भयंकर दिसू शकते हे त्याला ठाऊक नव्हतं. तो टोपली आणायला उठला. तेवढ्यात काजळ्याने जाळीला लागून बसत गवत कुरतडायला सुरुवात केली, आणि त्यातली एक काडी जाळीच्या भोकातून पलीकडे गेली. बुटक्याने ती हुंगली. ओढली. खाल्ली.

"ताई, थांब," तो कुजबुजला. ताई चपला घालून दारात उभी होती. "जरा थांब."

दोघं जागच्या जागीच बघत राहिली. बुटक्याने दुसरी काडी ओढली, मग अंग सैल सोडलं, थोडा पुढे सरकला. त्याच्या मागे चादरीवर दोन काळे मणी पडले. वाटाण्याहून लहान, वेडेवाकडे.

ताई गुडघ्यांवर बसली, चष्मा लावला, वाकून पाहिलं. "अरे, लेंड्याच!" ती ओरडली. "लेंड्या रे, लेंड्या! माझा गुणाचा राजा तो!" आणि डोळ्याला पदर लावत म्हणाली, "आता बस त्यांच्याकडे बघत. परवा म्हणे लिफ्ट रिकामी करायची! झाली बघ रिकामी. उंटावरचा शहाणा मेला."

तो ओलसर डोळ्यांनी हसला, पण मधली जाळी अजून उरलीच होती. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, अंगातली रग उतरायला कित्येक आठवडे लागतात, घाई करू नका. त्याने या वेळी शब्दन् शब्द ऐकला होता. ताईने तो त्याच्याकडून पाठ म्हणवून घेतला होता.

जाळी काढण्याआधी दोघांना समोरासमोर आणायचं ते स्वयंपाकघरात, जिथे दोघांपैकी कुणाचीच हद्द नव्हती. ते आठवडे सरले त्या दिवशी त्याने कामाचे जाड हातमोजे चढवले आणि फरशीवर उकिडवा बसला. काजळ्या पुढे आला. बुटक्या जागच्या जागी ताठ. दोघांची नाकं भिडली, आणि लिफ्टवाल्याने हात मध्ये घालायच्या तयारीत धरले. काजळ्याने डोकं खाली घातलं, अगदी फरशीला टेकवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग बुटक्याने पुढे होऊन त्याच्या काळ्या कड्यांवरून जीभ फिरवली. एकदा, परत एकदा. काजळ्याने मान उचलली आणि त्या शिवल्यासारख्या जुळून आलेल्या कानाकडे वळला.

"काढ आता ते हातमोजे," ताई म्हणाली. "चहा ओततेय."

"असू दे जरा," तो सशांवरची नजर न काढता म्हणाला, आणि हातमोजे घातलेल्या हातांनीच त्याने कप धरला.