ओढ्यातली भिंत

"यांनाच धरू द्या की नकाशा," नाना म्हणाले. "डोक्यावर पाटी धरायची सवय हाय यांच्या घराण्याला."

सभा हसली. माझे साहेबही हसले.

केडगावच्या पुढं नानांचं लग्नाचं लॉन्स आहे. ओढ्याच्या पुराच्या आराखड्याची सभा तिथंच ठेवलेली. आराखडा माझा. पावसात गुडघाभर चिखल तुडवून मी तो केलेला. पण नकाशाला स्टँड मिळेना, म्हणून साहेबांनी मलाच उभं केलं. नगररचनेची पदवी, चाळिशीचा चष्मा, कुरकुरणारे गुडघे, आणि काम तिवईचं. तिवई बरी. तिला घाम येत नाही.

नकाशा उलगडतानाच मला दिसलं होतं, एक रेघ कमी आहे. लॉन्सची भिंत ओढ्याच्या पात्रात घुसलीय, म्हणून पाणी वस्तीत शिरतं. ती भिंत मी लाल रेघेनं दाखवली होती. छापलेल्या नकाशात तीच गायब.

"साहेब, भिंत?"

"चहानंतर बघू, मॅडम."

आता साहेब बोलत होते. हवामान बदललंय, वस्तीला धोका आहे, वस्ती हलवू. टाळ्या. वस्ती माझ्या माहेरची. आई तिथूनच कचऱ्याची पाटी घेऊन शहरात जायची. नानांचा टोमणा त्याच पाटीवरून होता. आणि ज्यांची घरं हलवायची, ते फाटकाबाहेर उन्हात उभे.

हसऱ्या तोंडानं अपमान गिळायची मला नोकरीत सवय लागलीय. त्या दिवशी तोंड हसेना.

मी नकाशा गुंडाळला. साहेबांचं वाक्य अर्धं राहिलं.

"मॅडम, काय चाललंय?"

"ज्यांची घरं जाणार, त्यांना दाखवते."

फाटकाबाहेर डांबरावर नकाशा पसरला. कोपऱ्यांवर लोकांनी चपला ठेवल्या. खाली बसताना गुडघे असे वाजले, की पोरी हसल्या. मी पर्समधून लाल पेन काढलं. भिंत काढली. ठळक.

वस्तीतली माझी आत्या कानाशी लागली. "आगं, नोकरी जाईल तुझी."

"जाऊ दे. तुझं घर जाऊ देणार न्हाई."

तोवर नाना धावत आले. आत्यानं पदर खोचला.

"या नाना, बसा खाली. हितून लई नीट दिसतंय."

नाना बसले नाहीत.

साहेबांनी खुलासा मागितलाय. लिहिलाय. भिंत पडेपर्यंत या आराखड्यावर माझी सही मिळणार नाही. मला काढून दुसऱ्याची घेतली, तर मी वस्तीच्या बाजूनं कोर्टात उभी राहीन. पूर कुणी आणला, ते तिथं नाव घेऊन सांगेन.